मुलाकडे बँकॉकला राहायला जाताना

गेल्या काही वर्षांत आमच्या साताऱ्याच्या दवाखान्यात एक नवे दृश्य दिसू लागले आहे. सत्तरीच्या आसपासचे दांपत्य येते, हातात गोळ्यांची पिशवी आणि जुन्या चिठ्ठ्या असतात, आणि मागणी ठरलेली असते : तीन महिन्यांची औषधे लिहून द्या, मुलाकडे चाललो आहोत. पूर्वी हे मूल अमेरिकेत असे. आता ते अनेकदा बँकॉकमध्ये असते. अंतर कमी, हवा ओळखीची, विमानप्रवास चार-साडेचार तासांचा. त्यामुळे गुडघे बदललेले, मधुमेह असलेले, एकदा हृदयाची झडप दुरुस्त झालेलेही निर्धास्त निघतात. औषधांची चौकशी सगळे करतात. तिथल्या माणसांमध्ये वावरायचे कसे, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. विचारण्याजोगे काही आहे असेच वाटत नाही. कारण विमानतळाचे नाव सुवर्णभूमी, आत शिरताच समुद्रमंथनाचे भव्य शिल्प, आणि भेटणारा प्रत्येक माणूस हात जोडणारा.

माझी थोरली बहीण तिच्या मुलाकडे बँकॉकच्या उपनगरात राहते. तिच्या आजारपणाच्या निमित्ताने मी तिथे सहा आठवडे होतो. पर्यटक म्हणून पाहिलेला देश आणि रुग्णाच्या उशाशी बसून पाहिलेला देश यांत पुष्कळ अंतर असते. त्या मुक्कामात जे उमगले, त्यातील ज्येष्ठांना आणि त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना उपयोगी पडेल तेवढे इथे मांडतो.

प्रथम नमस्काराविषयी. त्याला थाई भाषेत ‘वाई’ म्हणतात. आमच्या जिल्ह्यातील कृष्णाकाठच्या वाईशी त्याचा काही संबंध नाही. हात जोडलेले असले तरी हा आपला सरसकट नमस्कार नव्हे. हात किती उंच न्यायचे, हे समोरचा कोण आहे यावर ठरते. समवयस्कासाठी ते छातीशी असतात, वडीलधाऱ्यांसाठी अंगठे नाकाच्या शेंड्याशी येतात, भिक्षूंसाठी आणि बुद्धमूर्तीसाठी थेट भुवयांच्या मध्ये, आणि सोबत मान लवते. लहानाने आधी करायचा, मोठ्याने स्वीकारायचा. दुकानातील मुलीने किंवा दारावरच्या रखवालदाराने वाई केला तर सत्तरीच्या आजोबांनी स्मित करून मान हलवावी. तेवढे पुरे असते. आपले लोक उत्साहाने वाकून हात कपाळाला लावतात, तेव्हा ती बिचारी मुलगी संकोचते. भिक्षू कोणालाही उलट नमस्कार करीत नाहीत. त्यात उद्धटपणा नसतो.

‘सवात्दी’ हे अभिवादन मात्र आपल्याच घरातले. १९३०च्या दशकात चुलालाँगकॉर्न विद्यापीठातील फ्राया उपकित सिल्पसार्न यांनी तो शब्द संस्कृत ‘स्वस्ति’वरून घडवला आणि १९४३ मध्ये सरकारने तो अधिकृत म्हणून स्वीकारला. पुरुषाने त्यापुढे ‘ख्रप’ जोडायचे, स्त्रीने ‘खा’. हे ‘खा’ प्रत्येक वाक्याच्या शेवटी येते. ताईला पहिले दोन दिवस वाटत होते की सगळ्या परिचारिका तिला जेवणाचा आग्रह करीत आहेत.

आता मुख्य मुद्दा : मस्तक आणि पाऊल.

थाई समजुतीप्रमाणे माणसाच्या देहात ‘ख्वन’ नावाचे एक सूक्ष्म चैतन्य नांदते आणि त्याचे मुख्य स्थान मस्तक असते. भीतीने, अपघाताने, दीर्घ आजाराने ते देह सोडून भटकते असे मानतात. मग त्याला परत बोलावण्याचा विधी होतो आणि मनगटाला पांढरा दोरा बांधला जातो. म्हणूनच परक्याच्या डोक्याला हात लावणे, गमतीने टपली मारणे, कोणाच्या डोक्यावरून हात पुढे करून वस्तू घेणे, हे त्या समाजात फार खटकते. आपल्याकडे प्रेमाची पहिली खूण काय? शेजारच्या मुलाच्या डोक्यावरून हात फिरवणे. कामाला येणाऱ्या मुलीला आशीर्वाद द्यायचा तरी हात डोक्यावरच जातो. थाई घरातील आजी आपल्या नातवाचे डोके कुरवाळते, त्याला हरकत नाही. पण परक्या आजीने तसे करू नये. एखाद्या मुलीचे केस कोरडे दिसले म्हणून तेल लावून देण्याची इच्छा तर आवरलेलीच बरी.

रुग्णालयात हे फार सुरेख रीतीने सांभाळलेले दिसले. ताईच्या कपाळाला हात लावण्यापूर्वी, उशी सरळ करण्यापूर्वी, इतकेच काय, केस विंचरण्यापूर्वीही परिचारिका ‘खो अनुयात’ म्हणे. अनुयात म्हणजे अनुज्ञा. आपण ज्या मुळाचा शब्द वापरतो त्याच मुळाचा. चुकून धक्का लागला तर ‘खो थोत’, आणि हे ‘थोत’ म्हणजे आपला ‘दोष’. पस्तीस वर्षांत मी हजारो डोकी तपासली असतील. परवानगी मागून तपासण्याची ही रीत पाहून मी थबकलो. शेजारच्या खाटेवरील थाई आजोबांच्या मनगटावर पाच-सहा दोरे होते. सलाईनची सुई लावताना ते आड येत होते, पण परिचारिकेने कात्री घेतली नाही. तिने दोरे वर सरकवले आणि दुसऱ्या हाताची शीर शोधली. आपल्याकडे गंडा-ताईत दिसला की पहिला हात कात्रीकडे जातो, हे मनात आल्यावाचून राहिले नाही.

मस्तक जितके वंद्य तितकेच पाऊल हीन मानलेले. पायाने वस्तू सरकवू नये, दार लोटू नये, निजलेल्याला ओलांडू नये, पुस्तकावर पाय ठेवू नये; यातील बरेचसे आपल्या आजीनेच शिकवलेले आहे. फरक इतकाच की तिथे पायाचा स्पर्श होणे दूरच, तळवा कोणाच्या रोखाने असणे हाही अनादर ठरतो. आणि इथेच ज्येष्ठांची खरी अडचण सुरू होते.

पायांवर सूज असलेल्यांना आम्ही डॉक्टर काय सांगतो? पाय वर ठेवून बसा. खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरही तेच. मग आजोबा दिवाणखान्यात तिपाईवर पाय ठेवून आरामात बसतात आणि त्यांचे तळवे नेमके भेटीला आलेल्या शेजाऱ्यांकडे, नाहीतर भिंतीवरच्या बुद्धाच्या फळीकडे रोखलेले असतात. भाड्याच्या घरांत अशी फळी पुष्कळदा घरमालकानेच लावलेली असते. पाय खाली ठेवून सूज वाढवण्याचे काही कारण नाही. खुर्ची वळवून घ्यावी, तळवे भिंतीकडे किंवा खिडकीकडे करावेत, पाहुणे आल्यास पायांवर चादर टाकावी. थाई माणूस समजूतदार असतो. आजारी वृद्धाचे पाय चादरीखाली झाकलेले पाहिले की त्याला त्यातला आदर कळतो. चाकांच्या खुर्चीतून देवळात जाताना खुर्ची मूर्तीसमोर किंचित तिरकी लावावी, एवढीच काळजी. पलंग मांडतानाही पायथा बुद्धाच्या फळीकडे येऊ देऊ नये. डोके पश्चिमेला करून झोपणे तिथे अशुभ मानतात, आपण दक्षिणेचा विचार करतो. भाच्याच्या घरी या दोन्ही समजुतींचा मान राखण्यासाठी ताईचा पलंग तीनदा हलवावा लागला.

पादत्राणे घराबाहेर काढायची, हे आपल्याला नवीन नाही. परंतु ज्यांना मधुमेहामुळे तळव्यांची संवेदना कमी झाली आहे त्यांनी इथे सावध असावे. बँकॉकच्या देवळांची प्रांगणे संगमरवराची किंवा फरशीची असतात आणि दुपारी ती तव्यासारखी तापतात. ज्याच्या पायाला चटका जाणवत नाही त्याच्या तळव्यावर संध्याकाळी फोड दिसतो आणि तो भरायला महिना-दोन महिने लागतात. देवळात मोजे घालून जाण्यास मज्जाव नसतो. तळाला रबरी ठिपके असलेले जाड मोजे पिशवीत ठेवावेत, दर्शनाची वेळ सकाळची ठेवावी आणि घरी परतल्यावर तळवे पाहावेत, किंवा दुसऱ्याकडून पाहून घ्यावेत. घरातही अनवाणी वावरण्याची सक्ती नाही; फक्त घरात वापरायच्या स्वच्छ सपाता वेगळ्या ठेवल्या की कोणाला खटकत नाही.

देवळांचे उंबरठे उंच असतात आणि त्यांवर पाय द्यायचा नसतो, ओलांडून जायचे. आपल्याकडेही उंबरठ्यावर उभे राहू देत नाहीत, पण आपला उंबरठा बेताचा असतो. नव्या गुडघ्यांच्या माणसाने इथे घाई करू नये. चौकटीला हात, आधी सशक्त पाय, मग दुसरा, आणि मागे कोणीतरी उभे. खाली बसताना थाई लोक दोन्ही पाय एका बाजूला दुमडून घेतात, म्हणजे तळवे मागे राहतात. ज्यांना हे जमत नाही त्यांच्यासाठी अनेक देवळांत मागच्या बाजूला खुर्च्या मांडलेल्या असतात. त्यांवर बसण्यात संकोच मानू नये. कित्येक थाई आजीही तिथेच बसलेल्या दिसतील.

वात फो या प्रसिद्ध विहारातील पहुडलेला बुद्ध ४६ मीटर लांब आहे, आणि गंमत अशी की लोकांची दाटी त्याच्या पायांशी असते. शिंपल्यांच्या जडावाने त्या तळव्यांवर १०८ शुभचिन्हे कोरलेली आहेत. ज्या देशात पाऊल सर्वांत खालचे, तिथे वंदनीयाचे पाऊल डोळे भरून पाहण्याजोगे. आईवडिलांच्या पायांशी मस्तक टेकवण्याचीही तिथे रीत आहे, तिला ‘क्राप’ म्हणतात. त्यामुळे नातवाने विमानतळावर आजीच्या पायांना हात लावला तर आसपासच्या थाई लोकांना त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

याच वात फोमध्ये पारंपरिक मर्दनाचे शिक्षण मिळते. भगवान बुद्धांचे वैद्य जीवक यांना तिथे या विद्येचे जनक मानतात आणि मर्दन करणारी व्यक्ती आरंभी हात जोडून त्यांचे स्मरण करते. हे सारे मनोज्ञ आहे, तरीही ठिसूळ हाडांच्या, रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या किंवा पोटरीत गाठ होऊन गेलेल्या व्यक्तींनी हे जोरकस मर्दन करून घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. नकार देताना हसून छातीवर हात ठेवावा आणि वयाकडे बोट दाखवावे, पुरेसे होते.

भिक्षूंविषयी एक नियम स्त्रियांनी नीट लक्षात ठेवावा : भिक्षूला स्पर्श करू नये आणि वस्तू थेट त्याच्या हातात देऊ नये. तो समोर कापड पसरतो, त्यावर ठेवावी, किंवा जवळच्या पुरुषाच्या हाती द्यावी. पहाटेच्या भिक्षाफेरीत पात्रात अन्न घालण्यास स्त्रियांना मुभा असते. या कृतीला ‘सै बात’ म्हणतात आणि त्यातील ‘बात’ म्हणजे आपले ‘पात्र’. शहरातल्या आगगाड्यांत भिक्षूंसाठी, वृद्धांसाठी आणि गर्भवतींसाठी जागा राखून ठेवलेल्या असतात. तिथे बसलेल्या आजींच्या शेजारी भिक्षू आले तर नातवाने मध्ये बसावे, म्हणजे दोघांचीही सोय होते.

वृद्धांना हाक मारण्याची थाई रीत मला फार आवडली. आईकडची आजी ‘याय’, वडिलांकडची ‘या’. आईकडचे आजोबा ‘ता’, वडिलांकडचे ‘पू’. आपण आत्या आणि मावशी वेगळ्या ठेवल्या, पण दोन्हीकडच्या आजीला एकच शब्द वापरला. त्यांनी आज्या वेगळ्या केल्या आणि आईवडिलांच्या थोरल्या बहिणींना मात्र दोन्हीकडून ‘पा’ म्हटले. परक्यांनाही हीच नाती लावतात. वयाने मोठा तो ‘फी’, लहान तो ‘नाँग’. म्हणून ओळख होताच वय विचारतात. त्यात भोचकपणा नसतो, हाक कोणती मारायची हे ठरवायचे असते. ‘जेवलात का?’ हाही तिथला रोजचा कुशलप्रश्न आहे. आपल्याला तो किती जवळचा!

ताईच्या शुश्रूषेसाठी येणारी बाई ईशान प्रांतातली होती. ईशान म्हणजे देशाचा ईशान्य भाग, शब्द आपलाच. चाळिशीची, अबोल, कामाला चोख. ती ताईला ‘खुन याय’ म्हणे आणि ताई तिला मराठीतूनच सगळे सांगे. दोघींचे छान जमले होते. आता जे घडले ते सविस्तर सांगतो, कारण या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट तीत आहे.

खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर ताईला रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू होती. स्मरणही अलीकडे थोडे क्षीण झालेले. एका सकाळी तिच्या कोपरावर निळसर डाग दिसला. भाच्याने सगळ्यांसमोर, म्हणजे बायको, मी आणि दारात उभी असलेली शेजारीण यांच्यासमोर, त्या बाईला चढ्या आवाजात विचारले, ‘आई पडली होती का? सांगितले का नाही?’ ती हसली. त्या हसण्याने तो आणखी भडकला. ती पुन्हा हसली, मान खाली घातली आणि ‘खा’ म्हणाली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही. आई आजारी असल्याचा निरोप आला.

मुंबई-पुण्यात हे घडले असते तर आपण म्हटले असते, चोराच्या मनात चांदणे. तिथे या हसण्याचा अर्थ निराळा असतो. चारचौघांत मान खाली जाणे, चेहरा उतरणे, ही थाई समाजात फार मोठी नामुष्की. आणि चढा आवाज लावणाऱ्याचीही ती नामुष्कीच असते. ‘चै येन’, म्हणजे थंड अंतःकरण, हा तिथला गुण. लाज, भीती, अपराधभाव, समोरच्याचा राग शांत करण्याची इच्छा, हे सगळे एका स्मितात मावते. त्यातच ‘क्रेंग-चै’ नावाची वृत्ती असते. तिला मराठीत नेमका शब्द नाही. भीड, संकोच, दुसऱ्याला त्रास होऊ नये म्हणून स्वतःकडे घेतलेला मूकपणा, या तिन्हींचे मिश्रण म्हणता येईल. वडीलधाऱ्यांना आणि धन्याला अप्रिय वार्ता सांगून त्यांचे मन दुखवू नये, ही ती वृत्ती. ‘खा’ हा होकार नसतोच. मी ऐकते आहे, एवढाच त्याचा अर्थ.

मला डॉक्टर म्हणून चिंता वेगळीच होती. कोपर महत्त्वाचे नव्हते. डोक्याला मार लागला की नाही, हे कळणे महत्त्वाचे होते. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्या वृद्धाच्या डोक्यात बारीक रक्तस्राव झाला तर तो कित्येक दिवस, क्वचित आठवडेही, लक्षणांवाचून राहू शकतो. ताई म्हणत होती, ‘छे रे, मी कुठे पडले?’ तिच्या आठवणीवर विसंबता येत नव्हते. जे घडले ते एकाच व्यक्तीला ठाऊक होते आणि ती हसून निघून गेली होती.

भाच्याच्या कचेरीतील एक ज्येष्ठ थाई बाई मदतीला आल्या. त्यांनी तिला आमच्यासमोरच फोन केला. पहिली पाच मिनिटे आईची प्रकृती, गावाकडचा पाऊस, जेवण, हेच चालले होते. भाचा अस्वस्थ होऊन घड्याळ पाहत होता. मग त्यांनी विचारले ते असे : ‘खुन यायला आज डॉक्टरांकडे नेत आहेत. डॉक्टरांनी नीट तपासावे म्हणून तू त्यांना काय सांगशील? डोके बघायला सांगू का?’ का लपवलेस, असा प्रश्नच नव्हता. पलीकडून लगेच उत्तर आले. आदल्या संध्याकाळी न्हाणीघरात पाय घसरला होता, तिने सावरून धरले होते, पण डोके हात धुण्याच्या भांड्याच्या कडेला घासले होते. रक्त आले नाही, खुन यायने ‘मै पेन रै’च्या सुरात हात हलवला, म्हणून ती गप्प राहिली.

तासाभरात आम्ही रुग्णालयात होतो. डोक्याचा सीटी स्कॅन स्वच्छ आला. पुढील काही आठवडे डोकेदुखी, गुंगी, चालण्यातील तोल, बोलण्यातील फरक यांकडे लक्ष ठेवण्यास सांगितले आणि आम्ही ते ठेवले.

ती बाई तिसऱ्या दिवशी आली. भाच्याने तिच्याशी एकट्याने, स्वयंपाकघरात, हलक्या आवाजात बोलून क्षमा मागितली. ज्येष्ठ बाईंनी तसे बजावलेच होते. तिने ताईसाठी मोगऱ्याची गुंफलेली छोटी माळ आणली होती. तिला तिथे ‘फुआंग मालै’ म्हणतात. ती ताईच्या पलंगाशी गुडघ्यांवर बसली आणि माळ ताईच्या हातात दिली. ताईचा हात सवयीने वर निघाला, मध्येच थांबला आणि तिच्या खांद्यावर विसावला. तिला हे कोणी शिकवले होते, मला ठाऊक नाही.

त्यानंतर प्रश्न विचारण्याची पद्धत घरात बदलली. ‘पडल्या नाहीत ना?’, ‘गोळी दिलीस ना?’ असे प्रश्न बंद झाले, कारण त्यांचे उत्तर ‘खा’ हेच येणार. त्याऐवजी एक वही केली. खाणे, गोळ्या, लघवी, चालणे आणि घसरणे-अडखळणे, असे पाच रकाने आखले, प्रत्येकावर छोटे चित्र काढले. संध्याकाळी ती वेळा लिही आणि आम्ही तिच्यासोबत बसून वाचत असू. कोणी काही लिहिले म्हणून तिला रागवायचे नाही, हे ठरलेले. पहिल्या आठवड्यात पाचव्या रकान्यात तीन नोंदी आल्या. तिन्ही न्हाणीघरातल्या होत्या. मग तिथे घसरण रोखणारी चटई आली, भिंतीला धरायची दांडी लागली आणि नोंदी थांबल्या. साताऱ्यास परतल्यावर हीच वही मी आमच्याकडील दोन घरांत सुरू करवली आहे. आपल्याकडच्या मावशींनाही चारचौघांतली ओरड आवडत नाही.

आहाराविषयी थोडक्यात. चमचा उजव्या हातात, काटा डाव्या हातात. काट्याने अन्न चमच्यात ढकलायचे, काटा तोंडात घालायचा नाही. सामायिक पदार्थांतून एका वेळी थोडेसे घ्यायचे. शाकाहारी मंडळींनी ‘चे’ हा शब्द आणि पिवळ्या पताकेवरील लाल अक्षर ओळखून ठेवावे. त्या अन्नात मांस-मासे नसतातच, शिवाय कांदा-लसूणही नसतो. चातुर्मास पाळणाऱ्यांना आयतेच. इतरत्र भाजीतही ‘नाम प्ला’, म्हणजे माशांचा खारट अर्क, पडलेला असतो. धर्माइतकाच तो रक्तदाबाचाही प्रश्न आहे : त्याच्या एका मोठ्या चमच्यात दिवसभराच्या सोडियमच्या मर्यादेपैकी निम्म्याहून अधिक सोडियम असते. यजमानांनी पपनस सोलून पुढे केला तर कोलेस्टेरॉलच्या किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या घेणाऱ्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारलेले असावे, कारण ते फळ काही औषधांचा रक्तातील अंश वाढवू शकते. सरळ ‘नको’ म्हणण्यापेक्षा एक फोड ताटलीत घेऊन, आभार मानून, तशीच राहू द्यावी. कोणी आग्रह करीत नाही. आपल्याला पाहुणचारात आग्रहाची सवय असल्याने हे प्रथम थोडे कोरडे वाटते.

राजघराण्याविषयी मात्र गंमत, टीका, तुलना, काहीही करू नये; मराठीतसुद्धा नाही, कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावरही नाही. तिथल्या दंडसंहितेच्या कलम ११२ खाली राजावमानाला ३ ते १५ वर्षांचा कारावास आहे आणि परदेशी व्यक्तीला त्यातून सूट नाही. नोटेवर राजाचे चित्र असते, म्हणून वाऱ्याने उडालेली नोट पायाने दाबून धरू नये. सकाळी ८ आणि संध्याकाळी ६ वाजता सार्वजनिक ठिकाणी राष्ट्रगीत लागते. बँकॉकच्या लुम्फिनी उद्यानात संध्याकाळी धावणारी शेकडो माणसे त्या क्षणी जागच्या जागी उभी राहतात; ते दृश्य पाहण्यासारखे असते. फिरायला गेलेल्या ज्येष्ठांनीही थांबावे. ज्यांना उभे राहणे शक्य नाही त्यांनी बसूनच स्तब्ध राहावे.

घराघरांपुढे खांबावर एक चिमुकले देऊळ दिसते, त्यात वास्तूच्या रक्षक देवतेचा वास असतो. पुढे फुले, फळे आणि लाल रंगाच्या गोड पेयाची नळी घातलेली बाटली ठेवलेली असते. नातवंडांना ती उचलू देऊ नये. नवजात बाळाला ‘किती गोड’ म्हणण्याऐवजी जुन्या पिढीचे थाई लोक ‘किती कुरूप’ म्हणत. दुष्ट शक्तींनी नेऊ नये म्हणून. तीट लावणाऱ्या आजीला हे समजावून सांगावे लागणार नाही.

कागदपत्रे वाचताना वर्षाकडे लक्ष द्यावे. तिथे बुद्धसंवत चालतो आणि तो आपल्या इसवी सनाच्या ५४३ वर्षे पुढे असतो. औषधाच्या वेष्टनावर मुदत २५७० छापलेली दिसली तर ती २०२७ची समजावी. रुग्णालयात जन्मवर्ष सांगताना कोणता सन सांगतो आहोत हे स्पष्ट करावे. झोपेच्या, चिंतेच्या आणि तीव्र वेदनांच्या काही गोळ्यांवर तिथे कडक नियंत्रण आहे. अशा गोळ्या नेणार असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी मूळ वेष्टनासह सोबत ठेवावी आणि निघण्यापूर्वी थाई दूतावासाकडे नियम विचारावेत. तातडीच्या वैद्यकीय मदतीचा क्रमांक १६६९, पर्यटक पोलिसांचा ११५५. मोठ्या अक्षरांत लिहून दोन्ही क्रमांक फोनपाशी चिकटवावेत.

जमल्यास मुक्काम एप्रिलमध्ये ठेवावा, उन्हाची काळजी घेऊन. १३ ते १५ एप्रिल हा सोंगक्रानचा, म्हणजे सूर्याच्या मेषसंक्रांतीचा सण. रस्त्यावरची पाण्याची धुळवड तरुणांसाठी. ज्येष्ठांनी तिथे जाऊ नये, ओल्या रस्त्यावर हाडे मोडतात. घरात मात्र याच दिवसांत लहान माणसे वडीलधाऱ्यांच्या तळहातांवर सुगंधी पाणी ओततात, वर्षभरातील चुकांची क्षमा मागतात आणि आशीर्वाद घेतात. १३ एप्रिल हा तिथे राष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिन असतो. ज्या देशात पाचांतील एकाहून अधिक माणसे आज साठीपुढची आहेत तिथे त्या दिवसाला नुसत्या शोभेपेक्षा अधिक अर्थ आला आहे. तळहात पुढे करावेत, पाणी ओतू द्यावे आणि मराठीत आशीर्वाद द्यावा. कोणाचे अडत नाही.

परतीच्या सामानात काय नसावे, हेही सांगून ठेवतो. बुद्धाचे मस्तक शोकेससाठी आणण्याची आपल्याकडे हौस आहे. तिथे बुद्धमूर्ती ही शोभेची वस्तू नव्हे, तसे फलकही दिसतात. आणि मूर्ती देशाबाहेर नेण्यासाठी तिथल्या ललितकला विभागाचा परवाना लागतो. त्याऐवजी पुष्कळ जण कापूर-मेंथॉलची नाकाशी धरायची ती छोटी नळी आणतात. थाई लोक तिला ‘या दोम’ म्हणतात आणि आबालवृद्धांच्या खिशात ती असते. चोंदलेल्या नाकाला क्षणभर बरे वाटते, रोग बरा होत नाही. लहान नातवंडांच्या हाती मात्र ती पडू देऊ नये. कापूर पोटात गेल्यास त्यांना झटके येऊ शकतात.